अब्रूनुकसानीचं फौजदारी कलम आणि गावात प्रश्न विचारणारा माणूस

मुरमाड (धागाकर्ता):

अब्रूनुकसानीचा खटला म्हटलं की आपल्याला मोठे पुढारी आठवतात. २३ मार्च २०२३ ला सुरतच्या कोर्टाने राहुल गांधींना दोन वर्षांची शिक्षा दिली, खासदारकी गेली, मग ४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली. तेव्हा गावच्या पानठेल्यावरही त्याचीच चर्चा होती. पण तेच कलम त्याच गावात कसं वापरलं जातं, यावर बोलणं होत नाही. म्हणून हा धागा.

आधी कायदा थोडक्यात. पूर्वी भारतीय दंड संहितेची ४९९ आणि ५०० ही कलमं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि दोन्हींचं मिळून कलम ३५६ झालं. शिक्षा तीच: दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा दोन्ही. आता समाजसेवेची शिक्षाही देता येते, एवढा फरक. १८६० साली इंग्रजांनी केलेलं कलम असं नवीन नंबर घेऊन पुढे चालू आहे. खुद्द इंग्लंडने २००९ साली कायदा करून फौजदारी बदनामी रद्द केली. श्रीलंकेने त्याआधीच, २००२ मध्ये, आपल्या दंड संहितेतून ती काढली.

माझं म्हणणं असं. कोणाची खोटी बदनामी झाली तर त्याने दिवाणी दावा लावावा, भरपाई घ्यावी, जाहीर माफी घ्यावी. फौजदारी कलम मात्र जावं. गावात या कलमाखाली शिक्षेपर्यंत गोष्ट जातच नाही. समन्स आलं की फिर्यादीचं काम झालं.

आमच्या गावचं सांगतो. जिल्हा यवतमाळ, तालुका मुद्दाम सांगत नाही. पांदण रस्त्याचं, म्हणजे वावरात जायच्या वाटेचं, काम झालं. कागदावर मुरूम पडला, दबाई झाली, बिल निघालं. पहिल्याच मोठ्या पावसात नाल्याजवळ बंडी आखापर्यंत फसली. एका शेतमजुराने त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली कंत्राट घेणाऱ्याचं नाव घालून विचारलं, "मुरूम कुठं गेला?" त्या गृहस्थाने तालुक्याच्या कोर्टात खासगी फिर्याद ठोकली.

समन्स घेऊन पोलीस आला तेव्हा हा भाऊ वावरात होता. मोटारसायकल घरापुढे उभी राहिली, आजूबाजूच्या बाया दारात आल्या. बायकोला वाटलं, धरून न्यायला आले. कलम जामीनपात्र आहे, असं कोणी धरून नेत नाही, हे तिला सांगणारं तिथे कोणी नव्हतं. पहिल्या पेशीला जामीनदार लागला. याच्या नावावर जमीन नाही. ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्या सातबाऱ्यावर सोसायटीचा नाहीतर बँकेचा बोजा. एकाचा उतारा कोरा होता, तो म्हणाला, मले कंत्राटदाराशी वाकडं नको. शेवटी बायकोच्या मामाने दुसऱ्या तालुक्यातून येऊन उतारा दिला. पुढच्या तारखा नेमक्या कापूस वेचणीत. वेचणीची मजुरी किलोवर असते, ज्या दिवशी वावरात नाही त्या दिवशी हातात काही नाही. सकाळच्या एसटीने जायचं, पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात बसायचं, दुपारी कळायचं की साहेब रजेवर आहेत. वकिलाची फी वेगळीच.

मग मारुतीच्या पारावर चार लोकांनी बसून समेट केला. त्याने हात जोडून माफी मागितली, फिर्याद मागे घेतली गेली. फोटो खरा होता, प्रश्न खरा होता. त्यानंतरच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत पांदण रस्त्याचा विषय निघाला, सचिवाने वाचला आणि पुढे गेला. दोन मिनिटंही त्यावर बोलणं झालं नाही. रस्ता अजून तसाच आहे.

आपापल्या भागातले अनुभव सांगा. आणि हे बदलायचं कसं, तेही.

---

वऱ्हाडी बाणा:

मुरमाडभाऊ, सोळा आणे खरं लिवलं. आमच्या गावात त खटल्यापर्यंत जाचीबी गरज नाई पडली. टँकरच्या खेपा किती झाल्या अन् वहीत किती लिवल्या, एवढंच एका पोट्ट्यानं इचारलं. वकिलाची नोटीस आली, पंधरा दिवसांत माफी मांगा नाईतर फौजदारी करतो म्हणून. पोट्टं पुण्याले कंपनीत लागाच्या तयारीत होतं. बाप म्हणे, बाबू, पोलीस व्हेरिफिकेशनमंधी हे नाव आलं त नोकरी जाईन. त्याच राती पोस्ट काढली. नोटीस आली का माणूस अर्धा खचते. अन् कायदा काय म्हंते ते समजून सांगनारं त्याच्यापाशी कोनी नसते.

---

काळा कोट:

मी तालुका कोर्टात वकिली करतो, दोन्ही बाजूंनी अशी प्रकरणं चालवली आहेत. काही गोष्टी सर्वांना माहीत असाव्यात म्हणून लिहितो.

हा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे "ठाण्यात जाऊन गुन्हा दाखल करतो" ही धमकी पोकळ असते. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस यात तपास करू शकत नाहीत. फिर्याद ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः कोर्टात करायची असते.

दुसरं, खरं बोललं म्हणजे सुटलो असं फौजदारीत नाही. दिवाणी दाव्यात विधान खरं ठरलं की विषय संपला. फौजदारी कलमाच्या पहिल्या अपवादात मात्र खरं असणं आणि ते सार्वजनिक हिताचं असणं, दोन्ही लागतं, आणि अपवादात बसतो हे आरोपीने दाखवायचं असतं. कलमाला असे दहा अपवाद आहेत. सार्वजनिक सेवकाच्या कामाबद्दल प्रामाणिक मत, सार्वजनिक प्रश्नातल्या कोणाच्याही वागणुकीबद्दल मत, अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार, हे सगळं त्यात आहे. वाचायला कायदा उदार वाटतो. पण अपवाद लागू होतो की नाही हे बहुतेक वेळा पुरावा झाल्यावरच ठरतं, आणि तोपर्यंत काय होतं ते मुरमाड यांनी लिहिलंच आहे.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्यात, एक चांगली गोष्ट आली. कलम २२३ प्रमाणे खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यांनी समोरच्याला म्हणणं मांडायची संधी द्यायची आहे. ही नोटीस आली की घाबरून घरी बसू नका. पहिल्याच पायरीवर कागद घेऊन उभे राहा. कलम २२८ खाली स्वतःच्या हजेरीतून सूट मागता येते, वेचणीच्या दिवसांत ती जरूर मागा. फिर्यादीच वारंवार गैरहजर राहत असेल तर कलम २७९ कडे कोर्टाचं लक्ष वेधा, त्यात आरोपी सुटू शकतो.

कलम पूर्ण जावं का, यावर माझं मत नंतर लिहितो. १३ मे २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात ही कलमं घटनेला धरून आहेत असा निकाल दिला. प्रतिष्ठा हा जगण्याच्या हक्काचा, अनुच्छेद २१ चा, भाग आहे असं त्यात म्हटलं. शिवाय बोलण्याच्या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधन घालता येतं ते सांगणाऱ्या अनुच्छेद १९(२) मध्ये बदनामी हे कारण नाव घेऊन लिहिलेलंच आहे. त्यामुळे बदल आला तर तो बहुधा विधिमंडळातूनच येईल.

---

तुरीचं वावर:

मी वेगळं लिहिते, राग मानू नका.

आमच्या जाऊबाईंबद्दल गावात एकाने वाट्टेल ते पसरवलं. त्या बचत गटाच्या अध्यक्ष, कर्जाच्या कामाने तालुक्याला ये-जा करायच्या. एवढ्यावरून किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीवर बोलणं सुरू झालं. दिरांनी त्यांचं बाहेर जाणं बंद केलं. गट मोडायला आला. मी त्यांच्यासोबत कोर्टात गेले, फिर्याद केली. ज्या दिवशी त्याच्या घरी समन्स पोचलं, त्या दिवसापासून गिरणीवरची तोंडं बंद झाली. जाऊबाई परत तालुक्याला जाऊ लागल्या.

आता तुम्ही म्हणता दिवाणी दावा लावा. दाव्याला रकमेप्रमाणे कोर्ट फी, वर्षानुवर्षं तारखा, आणि शेवटी हुकूमनामा मिळाला तरी त्या माणसाकडून वसूल काय करणार? त्याच्याकडे दोन बकऱ्या आहेत. समन्सची भीती वाईट, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या हातात तेवढीच एक काठी होती, ती चालली. कंत्राटदाराला आवर घालायला आमच्या हातातली काठी काढून घेणार का?

---

जुनं खोड:

तुरीचं वावर ताई, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. उत्तर मुरमाड देतीलच. मी निवृत्त मास्तर, थोडं मागचं सांगतो.

टिळक आणि आगरकर यांना १८८२ साली याच गुन्ह्याखाली चार महिन्यांची सजा झाली होती. कोल्हापूरचे कारभारी बर्वे तिथल्या तरुण महाराजांचा छळ करतात, असं केसरी आणि मराठा यांत आलं. ज्या पत्रांवर भिस्त होती ती बनावट निघाली, दोघांनी माफीही मागितली, तरी खटला चाललाच. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते सुटले. त्यांच्या जामिनासाठी महात्मा फुल्यांनी पुढाकार घेतला होता, विचारांनी किती लांब असूनही. मुरमाड यांच्या गावात त्या मजुराला जामीनदार मिळेना हे वाचताना मला तेच आठवलं. कोणी तरी उतारा घेऊन उभं राहिलं तरच माणूस टिकतो.

आता कोणी म्हणेल की बर्व्यांवर अन्याय झालाच होता. झाला होता. पण पत्रं खोटी होती हे उघड झालं, माफी छापली गेली, तिथे त्यांचं नाव धुऊन निघालं. दोन संपादकांच्या तुरुंगवासाने बर्व्यांच्या अब्रूत काडीची भर पडली नाही.

अलीकडचं उदाहरण अण्णा हजारे यांचं. तेव्हाचे मंत्री बबनराव घोलप यांच्या फिर्यादीवरून १९९८ साली त्यांना तीन महिन्यांची सजा झाली आणि येरवड्याला जावं लागलं. सरकारने लवकर सोडलं, कारण ते अण्णा होते. आपल्या पांदण रस्त्यावरच्या माणसासाठी मंत्रालयातून आदेश निघत नाही.

---

तालुका वार्ताहर:

मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे, म्हणजे पगार नाही, जाहिरातीवर कमिशन. घरकुलाच्या हप्त्यात पैसे मागितले जातात अशी बातमी दिली होती, लाभार्थींच्या सह्यांचं निवेदन जवळ होतं. फिर्यादीत संपादक, प्रकाशक आणि मी असे तिघं आरोपी. त्यांचे वकील कंपनीचे, माझा मीच. जिल्हा कार्यालयातून फोन आला की असे विषय काही दिवस राहू द्या. तेव्हापासून मी पीक पाहणी, सप्ताह, पुण्यतिथी आणि वाढदिवस लिहितो. सह्या करणाऱ्या बायका अजून विचारतात, भाऊ, आमच्या बातमीचं पुढे काय झालं?

एक माहिती. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधल्या २८५ व्या अहवालात हे कलम ठेवावं अशीच शिफारस केली. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये बातम्यांच्या एका संकेतस्थळाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती सुंदरेश यांनी, हे सगळं गुन्ह्याच्या कक्षेतून काढायची वेळ आली आहे, अशा अर्थाचं तोंडी मत बोलून दाखवलं. तोंडी मत म्हणजे निकाल नव्हे, पण विषय बंद झालेला नाही.

---

काळा कोट:

तुरीचं वावर ताई, तुमच्या जाऊबाईंनी केलं ते बरोबरच केलं. हातात जे हत्यार असेल तेच माणूस वापरतो.

स्त्रीच्या विनयाचा अपमान करणारे शब्द किंवा हावभाव यासाठी न्याय संहितेत वेगळं कलम ७९ आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ते दखलपात्र आहे, पोलिसांनाच कारवाई करावी लागते. पण ते शब्द त्या स्त्रीच्या कानावर पडावेत असा हेतू त्यात लागतो. गिरणीवर पाठीमागे चाललेली कुजबुज त्यात नीट बसत नाही. म्हणजे ३५६ नुसतं काढून टाकलं तर तुम्ही म्हणता ती फट राहते. कोणी ते नाकारू नये.

पण याच कलमाची दुसरी बाजू बायांनीच सोसली आहे. पत्रकार प्रिया रमाणी यांनी लैंगिक छळाबद्दल लिहिलं आणि माजी केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांनी त्यांच्यावर फौजदारी बदनामीची फिर्याद केली. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, आणि स्त्रीला आपली तक्रार कित्येक वर्षांनीही, तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर मांडता येते असं म्हटलं. निकाल उत्तम. त्यासाठी दोन वर्षांहून जास्त काळ आरोपी म्हणून उभं राहावं लागलं. गावातली एखादी आशाताई तेवढं करू शकेल का? जाऊबाईंबद्दल बोलणारा उद्या सरपंचाचा भाऊ निघाला आणि त्यानेच आधी फिर्याद केली तर?

दिवाणी दाव्याबद्दल एक सांगतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, कोर्ट फीचा खर्चही त्यात येतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्याच आवारात असते. दाव्यात भरपाईच मागायला हवी असं नाही, तोंड बंद ठेवण्याचा मनाई हुकूम मागता येतो, आणि तो मोडला तर दिवाणी कोर्टही तुरुंगात पाठवू शकतं. मुदत मात्र लक्षात ठेवा: दिवाणी दाव्याला एकच वर्ष, फौजदारीला तीन.

---

तुरीचं वावर:

विधी सेवा समितीचं आम्हाला तेव्हा कोणीच सांगितलं नाही. कोर्टात पाटी पाहिली असेल, पण तिच्याखाली माणूस नव्हता. मनाई हुकूम महिन्याभरात मिळत असेल तर मी फौजदारीचा हट्ट धरणार नाही. पण आधी ते मिळू द्या, मग कलम काढा. उलटं नको.

---

वऱ्हाडी बाणा:

वकीलसाहेब, एक सांगा. आमच्या गावच्या ग्रुपचा मी अॅडमिन हाये. कोनी काई टाकलं त केस माह्यावर होते का? या भेवानं मी ग्रुपच बंद करनार होतो.

---

काळा कोट:

बंद करू नका, भाऊ. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की समान हेतू किंवा आधी ठरलेली योजना दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अॅडमिन जबाबदार नाही. ते प्रकरण बदनामीच्या कलमाचं नव्हतं, पण तत्त्व उपयोगी आहे. टाकणारा मात्र स्वतः जबाबदार, आणि फॉरवर्ड करणाराही.

आणि रस्त्याचं, टँकरचं, घरकुलाचं विचारायचं असेल तर आधी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलाची प्रत मागा. गावात "एम.बी." म्हणतात ती हीच. तीन इंच मुरूम लिहिला आहे की सहा, ते त्यातच असतं. मग तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी करा, पोच घ्या. अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार अपवादात बसते, ग्रुपवरची पोस्ट बसवायला झगडावं लागतं. आणि हो, सुप्रीम कोर्टाने १९९४ सालीच राजगोपाल प्रकरणात सांगितलं आहे की सरकार किंवा स्थानिक संस्था स्वतःच्या बदनामीच्या भरपाईचा दावा लावू शकत नाहीत. ग्रामपंचायतीची बदनामी झाली असा दम कोणी दिला तर हे सांगा. सरपंच व्यक्ती म्हणून मात्र कोर्टात जाऊ शकतो.

---

मुरमाड (धागाकर्ता):

साहेबांचा सल्ला प्रत्येकाने जपून ठेवावा असा आहे. पण ज्याची बंडी फसली, त्याने आधी अर्ज करावा, तीस दिवस थांबावं, एम.बी. वाचायला इंजिनिअर शोधावा आणि मग "मुरूम कुठं गेला" असं विचारावं, ही अपेक्षाच मला मान्य नाही. आपल्या गावच्या रस्त्याबद्दल गावात बोलायला माणसाला फाईल का लागावी? डोळ्यांना दिसतं ते त्याने सांगितलं. चूक असेल तर कंत्राटदाराने त्याच ग्रुपवर बिल आणि फोटो टाकावे, गाव पाहील.

तुरीचं वावर ताईंची अट मला मान्य आहे. बाईच्या चारित्र्यावर पाठीमागे चिखल उडवणं आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणं, हे दोन्ही एकाच कलमात कोंबलं आहे, तिथेच खरी गडबड आहे. पहिल्यासाठी तालुक्याच्या कोर्टात लवकर मनाई हुकूम आणि मोफत वकील खरोखर मिळाला पाहिजे. आणि ते होईपर्यंतसुद्धा दुसऱ्यासाठी फौजदारी आजपासून बंद व्हायला हरकत नाही. ग्रामसभेत बोललेलं, निवेदनात लिहिलेलं, सरकारी कामाच्या पैशाबद्दल विचारलेलं, या कशावरही कैदेची तलवार नको. तो अपवाद पुराव्यानंतर पाहायचा नाही, फिर्याद दाखल होतानाच पाहायचा. आणि खरं असेल तर तेवढं पुरे व्हावं.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. म्हणजे दिल्लीची वाट न पाहता महाराष्ट्र विधिमंडळ आपल्या राज्यापुरती दुरुस्ती करू शकतं, केंद्रीय कायद्याला छेद जात असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. विधिमंडळ डिसेंबरात आपल्या दाराशी, नागपूरला येतं. तिथे मोर्चे कापसाच्या भावाचे निघतात, सोयाबीनचे निघतात, निघायलाच पाहिजेत. यंदा त्यांच्यासोबत एक निवेदन याचंही द्यायचं मी ठरवलं आहे. मसुदा मी लिहितो. त्याआधी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तसा ठराव मांडणार आहे. ज्यांच्या गावात शक्य आहे त्यांनी मांडावा.

---

जुनं खोड:

ठराव मांडताना सूचक-अनुमोदकाची नावं इतिवृत्तात नीट लिहून घ्या आणि प्रत मागा. सचिव "चर्चा झाली" एवढंच लिहून मोकळा होतो.

---

तालुका वार्ताहर:

निवेदनात दुसऱ्या राज्यांत, देशांत काय झालं तेही घाला, पण जपून. मालदीवने २००९ मध्ये हा गुन्हा काढला, २०१६ मध्ये परत आणला, २०१८ मध्ये पुन्हा काढला. काढलेलं कलम परत येऊ शकतं. घरकुलाच्या त्या बायकांना मी विचारतो, निवेदनावर सह्या करायला त्या तयार होतील असं वाटतं.

---

तुरीचं वावर:

मसुद्यात विधी सेवा समितीचा मुद्दा पहिला ठेवा, शेवटी नको. दर आठवडी बाजाराच्या दिवशी समितीचा एक वकील ग्रामपंचायतीत बसावा, अशी मागणी लिहा. तेवढं असेल तर आमच्या गटाच्या सगळ्या बायांच्या सह्या मी आणते. जाऊबाई पहिली सही करतील.

---

वऱ्हाडी बाणा:

मसुदा झाला का इथंच टाका, मुरमाडभाऊ. मी प्रिंट काढून आमच्या सर्कलमंधल्या गावाईले देतो. अन् त्या पांदण रस्त्यावाल्या भावाले सांगा, पुढच्या टाईमाले जामीनदार लागला त माह्या सातबारा कोरा हाये.